चढा निषाद

बाळी वेशीतल्या एका भुसार दुकानाच्या माडीवर सोनाक्का राहायची, आणि दर गुरुवारी दुपारी तिच्या खोलीत गाणं व्हायचं. गाणं म्हणजे कार्यक्रम नव्हे. ऐकायला कुणी नसायचंच. खालच्या दुकानातले हमाल दुपारच्या भाकरीनंतर पोत्यांना पाठ टेकून पडलेले असायचे, त्यांच्या कानावर पडेल तेवढंच. वर तिघंच. गाणारी सोनाक्का, तबल्यावर लालसाब आणि पेटीवर गिरिजा.

त्या खोलीचे दोन रिवाज होते. काय गायचं ते आधी ठरवायचं नाही, हा पहिला. सोनाक्का मिश्रीचं बोट धुऊन यायची, भिंतीला टेकायची आणि डोळे मिटून जो सूर लावायची, त्यावरून बाकीच्या दोघांनी ओळखायचं की आज कुठल्या गावाला निघालोय. दुसरा रिवाज याहून अवघड. कुणाचं काही चुकलं तर थांबायचं नाही, हसायचं नाही, चुकलेल्यानं जीभसुद्धा चावायची नाही. उरलेल्या दोघांनी ती चूक उचलायची. गिरिजाचं बोट घसरून भलत्याच पट्टीवर पडलं की सोनाक्का मुद्दाम तोच सूर गळ्यातून काढायची, फिरून काढायची, लालसाब त्याला ठेक्यात बसवायचा, आणि तीन-चार फेऱ्या झाल्या की तो सूर असा काही शोभायचा की जणू तिघं सगळी वाट त्याच्यासाठीच चालत होती. सोनाक्काचं म्हणणं, ‘एकट्यानं केली तर चूक. तिघांनी केली की चाल झाली.’

तरुणपणी ती एका नाटक कंपनीत होती. नायिकेच्या मागं तबक घेऊन उभं राहायचं, असली कामं. कंपनी सोलापुरात मुक्कामाला आली आणि इथंच मोडली, तशी ही इथंच राहून गेली. आपला गळा नायिकेपेक्षा सरस होता, हे ती इतक्या वेळा सांगायची, की लालसाब डग्ग्यावर हातोडी ठोकता ठोकता म्हणायचा, ‘अक्का, ती बिचारी मरून पन गेली असंल. आता तरी सोड की तिला.’

लालसाबचं विजापूर वेशीत शिलाईचं दुकान होतं आणि ते गुरुवारी बंद असायचं. गिरिजाला या खोलीत आणलं ते त्यानंच. ती वैरागची. कॉलेजसाठी सोलापुरात आत्याकडे राहायला आली होती. आत्याचे ब्लाउज आणायला गेली असताना दुकानाच्या फळीवर तिची बोटं आपली आपण चालत होती. लालसाब माप टिपता टिपता थांबला. म्हणाला, ताई, हे पेटीचे बोटं हैत. होतीच. वडील वैरागच्या भजनात पेटी वाजवायचे, त्यांच्या मांडीवर बसून ती शिकली होती. त्या गुरुवारपासून कॉलेज संपेपर्यंत तिनं एकही गुरुवार चुकवला नाही. परीक्षेचा पेपर देऊन तशीच हातावर शाई घेऊन यायची.

त्या दिवसांत काय व्हायचं ते तिला कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. लग्न ठरल्यावर शिवयोगीनं, तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं, विचारलं होतं, तुम्ही वाजवता म्हणजे काय, नाट्यगीतं वगैरे? ती हो म्हणाली होती, कारण दुसरं काय सांगणार? सोनाक्का एखादी जागा घेऊन गप्प बसायची. ठेका चालू असायचा. गिरिजा भात्यावर नुसता श्वासाएवढा हात ठेवून षड्ज धरायची, आणि तिघंही वाट बघायची. कशाची, ते त्यांनाही माहीत नसायचं. मग सोनाक्का कुठून तरी उगवायची, जिथून येईल असं वाटलं नव्हतं तिथूनच, आणि गिरिजाची बोटं तिच्या आधी अर्धं पाऊल तिथं पोचलेली असायची. हे कसं झालं ते विचारायचं नाही. विचारलं की ते जायचं.

सासर साखर पेठेतलं, म्हणजे बाळी वेशीपासून चालत जाण्यासारखं. याला ती नशीब समजली होती. पहिले काही महिने शिवयोगी दुपारचं जेवून परत ऑफिसला जाता जाता तिला सायकलवरून सोडायचासुद्धा. मग दिवस गेले, आणि आठव्या महिन्यातच गुंडा जन्मला.

पाळण्यात नाव बसवराज ठेवलं होतं, पण एवढ्याशा जिवाला ते नाव जड व्हायचं, म्हणून सगळे गुंडाच म्हणत. दवाखान्यात त्याला कापसात गुंडाळून ठेवलं होतं. नर्सनं गिरिजाला सांगितलं, अशी मुलं कधी कधी श्वास घ्यायला विसरतात, गप्प वाटला की तळपायाला टिचकी मारायची, रडला की समजायचं सगळं ठीक आहे. गिरिजा बी. ए. झालेली होती, तिनं शंका विचारल्या, नर्सनं उत्तरं दिली. पण त्या सगळ्यातून एकच गोष्ट तिच्या अंगात जाऊन बसली. पोरगं रडतंय तोवर आहे. गप्प झालं की बघायला पाहिजे.

त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. गुटगुटीत झाला होता, धरून धरून उभा राहायचा, सासूबाईंच्या नथीला हात घालायचा. पण दुपारी तो झोपला की गिरिजा स्वयंपाकघरातून, न्हाणीतून, जिथं असेल तिथून कान तिकडे लावून असायची. तिला गिरणीचा भोंगा ऐकू यायचा नाही, दारावर आलेला भाजीवाला ऐकू यायचा नाही. पाळण्यातला बारीक श्वास मात्र ऐकू यायचा. आणि तो नाही आला, की हातातलं टाकून ती जायची आणि तळपायाला टिचकी मारायची. गुंडा दचकून उठायचा आणि भोकाड पसरायचा. तेवढ्यानं तिचा जीव खाली पडायचा. सासूबाई, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणत, कपाळाला हात लावायच्या.

पेटी कपाटावर होती, वर जुनं लुगडं टाकून. रोज ती तिच्याकडे बघायची. गुरुवार आला की दुपारी तीनच्या सुमाराला तिच्या बोटांना काहीतरी व्हायचं. पोळीच्या पिठात, धुण्याच्या फेसात ती आपली आपण चालायची.

श्रावणात ती गुंडाची झबली शिवायला टाकायला लालसाबकडे गेली. दुष्काळाची वर्षं सरली होती, दुकानात पुन्हा सणासुदीची कापडं दिसत होती. लालसाबनं झबल्याचं कापड हातात घेतलं, पण माप काही विचारलं नाही.

‘अक्का जा रई, ताई,’ तो म्हणाला. ‘भिलाई को. लेक घिऊन जातोय. गुडघे लई दुखत्यात, जिना उतरवत न्हाय. ह्ये महिना हाय फक्त.’

सोनाक्काचा मुलगा भिलाईच्या कारखान्यात होता हे गिरिजाला माहीत होतं, पण भिलाई हे तिच्या दृष्टीनं नुसतं पाकिटावरचं नाव होतं. आता कळलं की ते खरंच कुठंतरी आहे आणि तिथून कुणी गुरुवारी परत येत नाही. ती झबल्याचं माप न देताच घरी आली. मग पुन्हा जाऊन देऊन आली.

तिनं अव्वांना विचारलं तेव्हा नाही ऐकायची तयारी ठेवूनच विचारलं होतं. अव्वा तूर निवडत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. ‘होगव्वा, होग. जा की. चार लेकरं वाढवल्यात मी, हे पाचवं काय मला खातंय? लग्नाआधी म्हणं रोज वाजवायचीस, आता कपाटावर ठेवलीयास पूजेला.’

तिला कुणी अडवलं नव्हतं. पुढं जे झालं त्याचा दोष कुणावर टाकता येईना, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

पहिल्या गुरुवारी ती जिना चढली तेव्हा सोनाक्का वाळलेली दिसली. पण तोंड तेच होतं. गिरिजाला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, अंगानं भरलीस की, भाता मारवंल का? लालसाब हसला. बरोबर आणलेल्या पेटीवरची धूळ पुसता पुसता गिरिजाला वाटलं, मधे काही झालंच नाही. सोनाक्कानं सूर लावला, तिनं ओळखला, बोटं धावली. एवढ्या वेगानं तर ती पूर्वी कधी धावली नव्हती. मग सोनाक्का नेहमीसारखी एका जागेवर येऊन थांबली.

ठेका चालू होता. सोनाक्का गप्प होती. आणि गिरिजाला ते सोसेना. तिची बोटं पुढं झाली आणि तिनं एक लहानशी सुरावट टाकली. सोनाक्कानं डोळे उघडले नाहीत. ती पुन्हा गायली, पुन्हा थांबली. गिरिजानं पुन्हा ती जागा भरली. तिसऱ्यांदा तर सोनाक्काचा श्वास संपायच्या आतच भरली. चांगलं वाजवत होती ती. एकही सूर चुकीचा नव्हता, म्हणून कुणाला काही उचलता येत नव्हतं.

चौथ्यांदा सोनाक्का पुन्हा सुरू झालीच नाही. लालसाबचा हातही हळूहळू थांबला. पेटी एकटीच थोडी पुढं गेली आणि मग तिलाही कळलं.

‘काय झालं, अक्का?’

‘काय न्हाय. तू वाजीव की,’ सोनाक्का म्हणाली. ‘आमी ऐकतो.’

चहा झाला. भिलाईत पाणी कसं असतं, मुलाची बायको कुठली, यावर बोलणं झालं. गिरिजा उतरताना जिन्याच्या कठड्याला धरून क्षणभर उभी राहिली. शिकत होती तेव्हासुद्धा तिला कुणी असं बोललं नव्हतं.

शिवयोगीला तिनं सांगितलं, तर तो म्हणाला सराव नाही म्हणून, होईल. त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणून तिनं वाद घातला नाही. पण सरावाचं कारण नव्हतं हे बोटांना माहीत होतं. कारण तिला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. गुंडा झोपला होता. ती भांडी आवरत होती, आणि पाळण्यातला आवाज थांबल्यासारखा वाटला. ती ओल्या हातानं तशीच धावली, टिचकी मारली. गुंडा दचकला, हातपाय ताठ करून ओरडला. अव्वांची नुकती डुलकी लागली होती, त्या वैतागून उठल्या. ‘त्याला गप निजू दे की गं एकदा. गप झाला की मेला का तो?’

गिरिजा गुंडाला खांद्यावर घेऊन थोपटत राहिली. काल माडीवर तिनं हेच केलं होतं. सोनाक्का गप्प झाली की तिच्या तळपायाला टिचकी. पुन्हा गप्प, पुन्हा टिचकी. दोन वर्षांपूर्वी जिथं ती सुखानं बसून राहायची, ती जागा आता तिला पाळण्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या गुरुवारी ती ठरवून गेली. हात आवरायचा. काही झालं तरी आवरायचा. आणि तिनं आवरला. सोनाक्का थांबली तेव्हा ती षड्ज धरून बसली, ओठ दाबून. पण हात बसला तसे कान उठले. बाळी वेस ओलांडून, चौकातून, साखर पेठेच्या बोळातून ते घरी गेले आणि पाळण्याशी जाऊन उभे राहिले. सोनाक्का परत आली, एक सुंदर वळण घेऊन आली, लालसाबनं ‘वा’ म्हटलं, आणि गिरिजाला कळलंच नाही की ती आली. तिची पेटी षड्जावरच राहिली, येणाऱ्या माणसाला दार न उघडल्यासारखी.

सोनाक्कानं गाणं तसंच पुरं केलं. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, ‘आज हात गप बसला. पर तू कुटं गेलतीस?’

‘घरी,’ गिरिजा म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

‘मग पोराला घिऊनच ये की. निदान दोघं एका खोलीत तर असाल.’

लालसाब म्हणाला, इमामबीला आणतो, ती सांभाळेल. इमामबी म्हणजे त्याची बायको. तिला नातू नव्हता आणि ती तो कुणाचा मिळतोय का ते बघतच असायची.

त्यानंतरचा एक गुरुवार गुंडाच्या सर्दीत गेला. सर्दी साधी होती. अव्वा म्हणत होत्या जा, शिवयोगी म्हणत होता जा. गिरिजा गेली नाही, आणि दुपारभर गुंडाच्या नाकाला तेल लावत बसून तिनं बाळी वेशीतलं गाणं मनात चालवलं. मनात तिची पेटी बरोबर थांबायची, बरोबर निघायची. संध्याकाळी तिला इतकं रडू आलं की अव्वांनी तिची दृष्ट काढली.

आता एकच उरला होता. शनिवारी सोनाक्काची गाडी होती.

शेवटच्या गुरुवारी खोली ओळखू येत नव्हती. भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या होत्या, त्यांच्या जागी चौकोनी डाग होते. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. चुलीजवळ दोन भांडी. सोनाक्का भिंतीला टेकली तर पाठीला चुना लागला, आणि तिनं मालकाला एक शिवी दिली. इमामबीनं गुंडाला घेतलं, पापे घेतले, त्याच्यासाठी आणलेलं बिस्कीट चहात बुडवून भरवलं. तो पोटभर खाऊन गोधडीवर झोपला, गिरिजाच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. इमामबी त्याच्याजवळ सुपारी कातरत बसली.

सोनाक्कानं भीमपलास लावला. दुपारचाच राग, आणि तिचा आवडता. त्यातला निषाद कोमल, खाली वाकलेला, मान खाली घालून येणाऱ्या माणसासारखा. तो तसाच घ्यायचा असतो. चढा निषाद भीमपलासात चालत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं.

सुरुवातीला गिरिजाचं एक बोट पेटीवर आणि एक डोळा गोधडीवर होता. गुंडाचं पोट वरखाली होत होतं. सोनाक्का थांबली. गिरिजानं हात आवरला, गुंडाकडे बघितलं, पोट हलतंय, षड्ज धरला. सोनाक्का आली. गिरिजा तिच्यामागं गेली. पुन्हा थांबली. पुन्हा पोट, पुन्हा षड्ज. असं काही वेळ चाललं. लालसाब मान खाली घालून ठेका देत होता, कुणाची परीक्षा बघत नसल्यासारखा.

मग सोनाक्कानं खालच्या पंचमावर जाऊन असा काही स्वर लावला, की गिरिजानं त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांनी बघितलं असंच तिला वाटलं. तो आवाज फाटका होता. श्वास पुरत नव्हता. आणि त्या फाटक्या आवाजात ती जे मागत होती त्याला गिरिजानं उत्तर दिलं, अगदी थोडं, दोन सुरांचं. सोनाक्कानं ते घेतलं आणि उलटं करून परत दिलं. गिरिजा हसली. तिनं ते लालसाबकडे टाकलं, त्यानं डग्ग्यावर घुमवून ठेवून दिलं. तिघं एकमेकांच्या हातातून काहीतरी काढून घेत होती आणि परत देत होती. सोनाक्का थांबली तेव्हा गिरिजाही थांबली, आणि या वेळी ती कुठंही गेली नाही. तिथंच बसली. ठेका चालला होता. काही येणार होतं. नाही आलं तरी ती बसली असती.

आलं ते चढ्या निषादावरून आलं.

सोनाक्कानं तो वर, तार षड्जाच्या उंबऱ्यावर लावला, सरळ, लांबलचक. गिरिजाला वाटलं, म्हातारीचा गळा घसरला. पूर्वी असा कधी घसरला नव्हता. पण विचार मनात येईपर्यंत बोट त्या पट्टीवर गेलं होतं. रिवाजच तो. तिनं तो निषाद धरला, फिरून घेतला, त्याला खालच्या सुरांचा आधार दिला. सोनाक्का पुन्हा तिथंच आली, या वेळी अधिक ठामपणे. लालसाबनं ठेका किंचित आवळला. भीमपलास हळूच कूस बदलून झोपल्यासारखा झाला. तोच होता, पण तोंड दुसरीकडे. तो सूर आता हाका मारत होता. गिरिजा त्याच्या मागं मागं गेली. तिला असं वाटलं की हा सूर आपण कुठंतरी ऐकलाय, फार जवळून, आणि तो सोडला तर काहीतरी हातचं जाईल. तिनं तो सोडला नाही. तिनं त्याच्याभोवती हात फिरवला, त्याला वर उचलला, षड्जावर आणून टेकवला. सोनाक्काही तिथंच येऊन टेकली. लालसाबनं सम दिली. 

खालून हमालाचा खोकला ऐकू आला. मग गिरिजानं गोधडीकडे बघितलं. गोधडी रिकामी होती.

ती कशी उठली, पेटीला पाय लागला की काय, तिला आठवत नाही. बाहेरच्या सज्जात इमामबी गुंडाला कडेवर घेऊन खाली बैलगाडी दाखवत होती. गुंडाच्या गालावर अश्रू वाळले होते. अजून मधूनच हुंदका येत होता. आईला बघून त्यानं हात पुढं केले.

‘रडला का?’ गिरिजानं विचारलं.

‘लई रडला की,’ इमामबी म्हणाली. ‘तुमच्या बाजूला बसूनच रडला. तुमी बघतच न्हाय, म्हणून मी घिऊन आले भाईर. गाडी दिसली की गप.’

गिरिजा त्याला छातीशी धरून आत आली.  बंद दारातून, भिंतीपलीकडून, स्वप्नातूनसुद्धा तिला त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि आज तो तिच्या गुडघ्याशी बसून रडला होता.

‘मला ऐकू आलं नाही,’ ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही. ‘अक्का, हा रडत होता आणि मला ऐकूच आलं नाही.’

सोनाक्का गुडघे चोळत होती. तिनं गुंडाकडे बघितलं.

‘न्हाय कसं आलं? इतका वेळ वाजीवत काय हुतीस मग?’ ती म्हणाली. ‘तो चढा निषाद काय माझा व्हता? भीमपलासात मी कशाला घालीन त्याला? तुझ्या पोरानं लावला. लांब धरून लावला की. म्या उचलला, तू उचलला, लालसाबनं उचलला.’

लालसाब हातोडी पिशवीत टाकत हसला. म्हणाला, रडनेवाला बी सुर में हाय, चांगलं हाय, आता तबला शिकवतो.

गिरिजाला हसू आलं, आणि लगेच ओसरलं. तिनं आठवून बघितलं. तो लांब सूर, त्याच्याभोवती फिरलेली आपली बोटं, आणि तेव्हा अंगभर भरलेलं ते सुख. पोर रडत होतं आणि ती त्याच्या रडण्यावर सुखानं हात फिरवत होती. असं आईनं करावं का, हे विचारायला खोलीत कुणी नव्हतं. सोनाक्का जाणार होती, इमामबी हसत होती. आणि त्या प्रश्नाच्या खाली दुसरा प्रश्न होता, जो तिला जास्त लाजवत होता. पुन्हा कधी?

निघताना तिनं सोनाक्काच्या पाया पडायला वाकून बघितलं, पण कडेवर गुंडा होता, नीट वाकता येईना. सोनाक्का म्हणाली, असू दे, हितनंच झालं. मग गिरिजाची बोटं आपल्या हातात घेऊन तिनं ती एकदा दाबली, भाकरीचं पीठ मळून झालं का बघावं तशी.  नायिकेपेक्षा आपला गळा सरस होता, हे त्या दिवशी तिनं सांगितलं नाही, हे घरी आल्यावर गिरिजाच्या लक्षात आलं.

शनिवारी लालसाब स्टेशनवर जाऊन आला. त्यानं सांगितलं की अक्का डब्यात बसल्या बसल्या मुलाशी भांडली, खिडकीजवळची जागा नाही म्हणून, आणि गाडी हलली तरी भांडतच होती.

बाळी वेशीतली माडी दुकानदारानं पोती ठेवायला घेतली. पुढच्या गुरुवारी गिरिजा घरीच राहिली. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या गुरुवारी अव्वांनी गुंडाला तिच्या कडेवर दिलं, कपाटावरची पेटी शिवयोगीकडून उतरवून घेतली आणि म्हणाल्या, ‘घरात गप गप बसून माझं डोकं उठवू नगस. जा कुटं जायाचं तिकडं.’

लालसाबच्या दुकानाची फळी अर्धी खाली होती. आत शिलाईच्या यंत्रावर बुट्ट्याचं कापड टाकलं होतं, आणि कापड कापायच्या मोठ्या पाटावर त्यानं पेटीसाठी जागा करून दिली. इमामबी गुंडाला घेऊन दारात बसली. तिघांच्या जागी दोघंच असल्यावर काय करायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. लालसाबनं तबला लावला, पुन्हा लावला. शेवटी गिरिजानं भीमपलासाचं तोंड वाजवलं, कारण दुसरं काही सुचेना.

वाजवत वाजवत ती त्या जागेशी आली, जिथून सोनाक्का आत यायची. तिनं बोटं उचलली. भात्यावर नुसता हात ठेवला. लालसाबचा ठेका चालू राहिला. एक फेरी गेली, दुसरी गेली. बाहेर टांगेवाला कुणाला तरी ओरडत होता. गुंडा इमामबीच्या मांडीवर काहीतरी बडबडत होता, आणि मधेच गप्प झाला. गिरिजानं मान वळवली नाही.

‘ताई, तुमीच म्हना की काहीतरी,’ लालसाब हळूच म्हणाला.

‘नको. एवढं रिकामं राहू दे.’

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि ठेका थोडा सैल केला, मागून लांबून चालत येणाऱ्या माणसासाठी आपण पाऊल हळू करतो तसा.